आबांची हरकत

ख्रिस्ती श्रद्धेने माणूस मोकळा होतो, त्याला जगण्याचा हेतू सापडतो आणि आनंद मिळतो, असे सांगतात. माझ्या बाबतीत हे खरे ठरले का, एवढाच प्रश्न मी या लेखापुरता घेतला आहे. मी शिरूरच्या एका माध्यमिक शाळेत भूमिती शिकवत असे. भूमितीत पक्ष काय आणि साध्य काय हे आधी लिहावे लागते. मगच सिद्धतेला हात घालायचा असतो. त्या सवयीने प्रथम पक्ष लिहिते, म्हणजे मी कोण होते ते सांगते. साध्य वर आलेच आहे. सिद्धता मात्र मनासारखी जमलेली नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. तिच्यात काही वर्षे गेली आणि त्यातला पुष्कळसा वेळ नुसता चिडण्यात गेला.

माझे वडील दौंडला रेल्वेत सांधेवाले, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणारे, होते. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव टोपलीत घालून इनामगावाजवळ घोड नदीत सोडले होते. गावातल्या काही लोकांना ते रुचले नाही. बोलणी वाढली, कामे मिळेनात, तेव्हा आजोबा बिऱ्हाड उचलून दौंडला आले. पुढे इनामगावला जमीन उकरून हजारो वर्षांपूर्वीची घरे आणि मडकी बाहेर काढण्याचे काम चालले होते. आबा म्हणत, "उकरा म्हणावं पाहिजे तेवढं. आमच्या म्हाताऱ्यानं सोडलेले देव तेवढे वर काढू नका म्हंजी झालं."

अशा घरात मी वाढले. आमच्याकडे नवस नव्हते, उपास नव्हते, अंगात येणे नव्हते. वाचन होते, शाळा होती, रविवारी विहारात वंदना होती, आणि एक शिस्त होती. आबांचे म्हणणे असे, की आपली गुलामी सुटली, पण आपल्या माणसाला चूक अजून परवडत नाही. "दुसऱ्याचं चुकलं तर त्याचं चुकतं," ते म्हणत. "आपलं चुकलं तर समाजाचं चुकतं." म्हणून रोज संध्याकाळी जेवायला बसले की ते प्रत्येकाला विचारत, "आज काय चुकलं?"

ते हे रागाने विचारत नसत. उलट आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता, अगदी मायेने विचारत. गाडी निघून गेल्यावरही सांधा नीट बसला आहे ना हे जाऊन पाहणाऱ्या माणसाची ती सवय असावी. मग जे चुकले असेल ते त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवायचे. मी वर्गात पहिली येत असे. पहिली आले तरी गेलेले गुण कुठे गेले ते सांगावे लागे. आई मी कॉलेजात असताना गेली. मी शिरूरला नोकरीला लागले, स्वतंत्र खोली घेतली, तरी रोज संध्याकाळी तांदूळ निवडताना मी स्वतःला तोच प्रश्न विचारत असे आणि स्वतःच उत्तर देत असे. त्या उत्तरात बहुधा रात्र जाई.

हा झाला पक्ष. त्यात दुःखाची गोष्ट कोणतीही नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. मला व्यसनी नवरा नव्हता, असाध्य आजार नव्हता, पैशाची चणचण नव्हती. पुढे हीच माझी मोठी अडचण ठरली.

माझी खोली ज्यांच्या घरात होती त्या बाई ख्रिस्ती. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. साऱ्या आळीत त्यांना आत्याबाई म्हणत. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येईनासे झाले, म्हणून संध्याकाळी मी त्यांना बायबलातल्या शुभवर्तमानाचा एक भाग वाचून दाखवू लागले. घरमालकिणीवर उपकार, यापलीकडे त्यात काही नव्हते. एका संध्याकाळी द्राक्षमळ्याचा दृष्टांत आला. मळ्याचा धनी पहाटे काही मजूर लावतो, दुपारी आणखी काही लावतो आणि सूर्य मावळायला आला असता आणखी काही. शेवटी साऱ्यांना सारखाच रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, देतो. मी वाचणे थांबवले.

"हे चूक आहे," मी म्हणाले.

"काय चूक आहे?"

"पहाटेपासून राबले त्यांच्यावर अन्याय आहे."

"त्यांचं ठरलेलं त्यांना मिळालं ना?"

"मिळालं."

"मग त्यांचं काय गेलं?"

"आत्याबाई, उद्यापासून मी वर्षभर दांडी मारणाऱ्याला आणि रोज येणाऱ्याला सारखेच गुण देऊ का?"

"तू नको देऊस. तो मळा तुझा नाही," त्या म्हणाल्या. "पुढं वाच."

मी पुढे वाचले, पण तो मळा माझ्या डोक्यातून हलेना. कित्येक महिने मी त्या धन्यावर चिडलेली होते. आमच्या भागात खुरपणीला बाया लावतात. कोणीही शेतकरी असा रोज वाटणार नाही, आणि वाटला तर दुसऱ्या दिवशी पहाटे कोणी कामाला येणार नाही. हे मी आत्याबाईंना अनेक प्रकारे समजावून दिले. त्या ऐकून घेत आणि चहा टाकत. त्यांनी एकदाच उत्तर दिले. म्हणाल्या, "तू स्वतःला पहाटेच्या मजुरांत धरतेस. धर. पण तुला रोज मिळाला आहे असं तरी तुला कुठं वाटतं? अजून तू बांधावर उभी राहून काय चुकलं तेच मोजतेस."

या बोलण्याचा मला राग आला, आणि चार दिवस मी वाचायला गेले नाही.

नंतर एक लहानशी गोष्ट घडली. नववीच्या वर्गात मी वर्तुळाच्या जीवेचे प्रमेय शिकवत होते. केंद्रातून जीवेवर काढलेला लंब जीवेला दुभागतो, हे साध्य. फळ्यावर मी सिद्धता लिहीत गेले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, दुभागतोय हे तर सिद्ध करायचंय ना? तुम्ही ते आधीच धरलंय." खरे होते. नव्या शिक्षिकेनेही करू नये अशी ती चूक होती. मी म्हणाले, "बरोबर. माझे चुकले," आणि फळा पुसून पुन्हा सुरुवात केली. त्या संध्याकाळी मी आत्याबाईंबरोबर मेथी निवडत बसले होते. त्या दवाखान्यातल्या कोणत्या तरी डॉक्टरांची नक्कल करत होत्या आणि मी हसत होते. मध्येच माझ्या ध्यानात आले, की दुपारची चूक मी संध्याकाळपर्यंत एकदाही उगाळली नव्हती. ती विसरले नव्हते. ती नुसती घडून गेली होती. मला मिळायचे ते सारे, माझा रोजसुद्धा, आधीच दिले गेले आहे, असे मला त्या क्षणी वाटले. कोणी दिले, हेही मला कळले. कित्येक महिने मी मळ्याच्या ज्या धन्याशी भांडत होते त्यानेच.

मोकळीक या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ एवढाच आहे. याहून मोठे काही मला दिसले नाही. कोणताही प्रकाश पडला नाही. मेथी निवडून झाली.

मी बाप्तिस्मा घ्यायचे ठरवले, आणि येथून चिडण्याचा दुसरा भाग सुरू झाला.

शिरूरच्या चर्चचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, सावध गृहस्थ होते. वाईट अजिबात नव्हते; पण अंगणात कोरडा पाचोळा वाजला तरी आधी कोण आले ते विचारणाऱ्यांपैकी. मंडळीत, म्हणजे त्या चर्चच्या लोकांत, पूर्वी कोणाच्या तरी बाप्तिस्म्यावरून नातेवाइकांनी दारात येऊन गोंधळ घातला होता. तेव्हापासून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी एक पद्धत पाडली होती. ती इतर कोणत्या मंडळीत असेल असे मला वाटत नाही. ख्रिस्ती लग्न ठरले, की तीन रविवार उपासनेत वर आणि वधूचे नाव पुकारतात आणि कोणाची हरकत आहे का ते विचारतात. हीच रीत त्यांनी बाहेरून येणाऱ्या माणसाच्या बाप्तिस्म्याला लावली होती. तीन रविवार नाव पुकारायचे, तिसऱ्या रविवारी हरकत विचारून टाकायची, मग बाप्तिस्म्याचे पाणी.

त्याआधी पंचांनी मला बोलावून प्रश्न विचारले.

"एखादं दुखणं बरं झालं का प्रार्थनेनं?" एकाने विचारले.

"नाही."

"स्वप्नात काही दिसलं?"

"नाही."

"घरी काही त्रास?"

"नाही."

 मग सर्वांत वयस्कर पंच घसा साफ करून म्हणाले, "बाई, राग मानू नका. मंडळीतला कोणी मुलगा वगैरे?"

"नाही."

"मग कशासाठी?"

मी त्यांना फळ्यावरची चूक सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली. "म्हणजे गणित सुटलं," एक जण दुसऱ्याला म्हणाला. शेवटी माझी साक्ष, म्हणजे श्रद्धेकडे कशी आले ते सांगणे, कमकुवत असली तरी वागणूक चांगली आहे, असे ठरले आणि पुढच्या रविवारपासून माझे नाव पुकारू लागले. घरी येऊन मी पाण्याची घागर इतकी आपटून ठेवली, की आत्याबाई आतून म्हणाल्या, "घागर माझी आहे."

आबांना मी अजून काही सांगितले नव्हते. सहामाहीचे पेपर तपासून झाले, की दौंडला जाऊन नीट, क्रमाने सांगायचे असे ठरवले होते. पण माझ्या क्रमाला कोणी विचारले नाही. चर्चच्या कुंपणाला लागून रविवारी मांडवगण फराटा गावची एक बाई भाजी घेऊन बसत असे. उघड्या खिडक्यांतून तिला आतले सारे ऐकू येई, आणि आत बाईमाणसाचे नाव पुकारले, की महिन्याभरात लग्नाचे जेवण असते, हे तिला अनुभवाने माहीत होते. तशा जेवणांची भाजी तीच देई. दौंडच्या बाजारातही ती जात असे, आणि तिथे तिला तिचे जुने गिऱ्हाईक असलेले आबा भेटले. पुढचे मी दोघांकडूनही ऐकले आहे, आणि दोघांचे सांगणे जुळते.

"आबा, पोरीचं जमलं म्हनं," ती म्हणाली. "शिरूरच्या चर्चात पुकारलं की."

"कुणाचं?"

"तुमच्या बाईचं. भाजी माझ्याकडनंच घ्यायची, आत्ताच सांगून ठिवते. नवरा कुठला हाय?"

"मलाच ठाव न्हाई."

"घ्या. आता पोरीच जमवत्यात, बापानं निस्तं टोपी घालून बसायचं."

आबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, असे शेजारणीने मला पुढे सांगितले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून टॉवेल आणि टोपी आणली. जावयाला मान करायचा म्हणून.

तिसऱ्या रविवारी सकाळच्या एसटीने ते शिरूरला आले आणि चर्चच्या शेवटच्या बाकावर बसले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेल आणि टोपी. मी पुढे बसले होते; मला काही दिसले नाही. पाळकसाहेबांनी माझे नाव घेतले, ही आमची बहीण बाप्तिस्मा घेऊ इच्छिते असे सांगितले, आणि कोणाची हरकत असल्यास आताच सांगावी असे म्हणाले. हे ते नेहमी डोळे मिटूनच म्हणत, कारण आजवर कोणी हरकत घेतलेली नव्हती.

"हाय," मागून आवाज आला.

सारी मंडळी वळली. मीही वळले. आबा उभे होते.

"आपण कोण?" पाळकसाहेबांनी विचारले.

"मी हिचा बाप. लग्न असतं तर हरकत नव्हती. मी त्या तयारीनं आलो होतो. पर हे दुसरंच काय तरी हाय." ते थांबले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माझ्या बापानं घरातले देव नदीत सोडले त्यापायी गाव सोडलं. आमी मोकळे झालो ते तवा. आता हिला कशातनं मोकळं करता, ते मला समजवा. तवर माझी हरकत हाय."

 पाळकसाहेबांनी विधी थांबवला. दुसरे गीत म्हटले गेले. ते म्हणताना निम्मी मंडळी मागे पाहत होती.

उपासना संपल्यावर दारात आबांनी पिशवीतून टॉवेल आणि टोपी काढली आणि पाळकसाहेबांच्या हातात ठेवली. आणलेला मान परत न्यायचा नसतो, ही त्यांची रीत. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला.

"म्हणजे आता हरकत नाही ना?"

"हरकत हाय. ह्यो मान हाय. ती हरकत हाय. दोन्ही येगळं."

त्यानंतरच्या महिन्यांची मला आजही चीड येते. पाळकसाहेबांचे म्हणणे, वडिलांनी परवानगी दिल्याशिवाय पाणी देता येणार नाही. मी दौंडला जाई. आबांचे म्हणणे, परवानगी ते कधीच देणार नाहीत.

"का पण?"

"कारण तू मागतीस म्हणून. परवानगी गुलाम मागतो. तू सज्ञान हाईस, पगारदार हाईस. मी परवानगी दिली म्हंजी ती द्यायचा हक्क माझा, असं ठरलं. तो मी घेणार न्हाई."

"मग हरकत काढून घ्या."

"हरकत कशी काढू? ती माझं मत हाय. मत काढून घेत न्हाईत."

हे मी शिरूरला जाऊन सांगितले. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, म्हणजे त्यांची परवानगी आहे की नाही?" मी म्हणाले, "परवानगीची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे आहे." ते म्हणाले, "तेच त्यांनी मंडळीसमोर सांगावं." मी दौंडला गेले. आबा म्हणाले, "ते सांगायला मी गेलो तर तीच परवानगी झाली." दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि एसटीत उभ्याने प्रवास मी करत होते. माझी नेमणूक खुल्या जागेवर होती, त्यामुळे धर्मांतराने नोकरीवर काही परिणाम होणार नव्हता. तरी शाळेच्या शिक्षक खोलीत तीच चर्चा सर्वांत जास्त रंगे. "ख्रिश्चन झालं की मिशन काय देतं हो?" एका सहकाऱ्याने विचारले. "प्रतीक्षा," मी म्हणाले. त्याला ते कळले नाही.

सर्वांत अधिक चीड मला एका गोष्टीची येई. ज्या घरात परीक्षा संपली आहे असे मला कळले होते, त्याच घराच्या दारात मला परीक्षेला बसवले होते. पाळकसाहेब रविवारी न कमावता मिळणाऱ्या कृपेवर उपदेश करत, आणि सोमवारी माझ्या साक्षीत अजून काय कमी आहे ते सांगत. मी प्रार्थना करत असे, पण त्या काळातल्या माझ्या बहुतेक प्रार्थना तक्रारी होत्या. त्या ऐकल्या गेल्या की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी त्या थांबवल्या नाहीत एवढे खरे.

शेवटी आत्याबाईंनीच दोघांना चहाला बोलावले. त्यांना रोज संध्याकाळी माझी चिडचिड ऐकून कंटाळा आला होता. आबा आणि पाळकसाहेब माझ्या खोलीत लोखंडी खुर्च्यांवर समोरासमोर बसले. पहिला अर्धा चहा लोहमार्गाच्या दुरुस्तीवर गेला. मग आबा म्हणाले, "मी त्या दिवशी इचारलं होतं. हिला कशातनं मोकळं करता? अजून कुणी सांगितलं न्हाई."

पाळकसाहेबांनी पापाविषयी बोलायला सुरुवात केली. आबांनी हात वर केला. "साहेब, तुमाला न्हाई. हिला इचारतोय."

उत्तर मला कित्येक महिने ठाऊक होते. ते देण्याला मी भीत होते, कारण ते त्यांनाच लागणार होते.

"तुमच्या प्रश्नातून, आबा," मी म्हणाले.

"कुठल्या?"

"आज काय चुकलं, या."

आबांनी कप खाली ठेवला.  "तो प्रश्न इचारला नसता," ते हळू म्हणाले, "तर तू मास्तरीण झाली असतीस का?"

"नसते झाले."

"मग?"

"त्याचे उपकार आहेत. त्याच्या जोरावर मी इथवर आले. पण आबा, मला तो आता थांबवता येत नाही. तुम्ही दौंडला असता आणि तो इथे विचारला जातो. त्याचे उत्तर माझ्या वतीने कोणी तरी आधीच देऊन टाकले आहे, असे मला या लोकांच्या घरात कळले. मला तिथे बसायचे आहे. देव परत आणायला मी गेलेले नाही."

मग मी पाळकसाहेबांकडे वळले. माझा आवाज वर्गात असतो तसा झाला होता. "आणि साहेब, पंचांच्या प्रश्नांना मी यापुढे उत्तर देणार नाही. परवानगीही आणणार नाही. दौंडच्या फेऱ्या आजपासून बंद. मला घ्यायचे असेल तर आबांच्या हरकतीसकट घ्या. नसेल तर मी मागच्या बाकावर बसत जाईन. तिथून मला कोणी उठवू शकत नाही."

पाळकसाहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ती आबांनीच दिलेली होती. "पंचांपुढे ठेवतो," ते म्हणाले. आबा उठले. "हरकत राहील," ते मला म्हणाले. "पर कळलं काय म्हनतीस ते. पटलं न्हाई." आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून ते निघून गेले.

पंच दोन बैठका भांडले. त्यातले एक मला कायमचे दुरावले. मग एका साध्या रविवारी, कोणताही सण नसताना, पाळकसाहेबांनी मंडळीला सांगितले की या बहिणीच्या वडिलांची हरकत आहे, ती मंडळीने ऐकून घेतली आहे, तिचा मान राखून आज बाप्तिस्मा होत आहे. हे वाक्य त्यांनी डोळे उघडे ठेवून म्हटले. आबा आले नव्हते. पेटीचा एक सूर अडकत होता, एका पंचांनी लांबलचक प्रार्थना केली, आणि पाणी फार गार होते. मी वाट पाहिलेला आनंद त्या दिवशी आला नाही. घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारले, "कसं वाटतंय?" मी म्हणाले, "भूक लागली आहे."

हेतूविषयी थोडे सांगते. त्या वर्षी दहावीला नापास झालेली काही मुले ऑक्टोबरच्या परीक्षेची तयारी करत फिरत होती. त्यांना मी चर्चच्या मागच्या खोलीत शनिवारी भूमिती शिकवू लागले. येणाऱ्या मुलाला मागच्या वेळी किती गुण पडले ते विचारायचे नाही, एवढा एकच नियम मी ठेवला. पंचांनी खडूची धूळ बाकांवर बसते अशी तक्रार केली, नंतर दिव्याच्या बिलाची केली, नंतर मुले दारात सायकली लावतात याची केली. दर शनिवारी मी खोली उघडण्याआधी मनातल्या मनात कोणाशी तरी भांडत असे. तरीही ती खोली मी पुढे कित्येक वर्षे उघडली. या कामासाठीच मला आणले गेले असावे, असे मला तिथे पुष्कळदा वाटले. काही मुले पास झाली, काही पुन्हा नापास झाली. पुन्हा नापास झालेली परत आली, तेव्हा मला जे वाटले त्याला आनंद म्हणता येईल. तो फार वेळ टिकत नसे. कोणाची तरी सायकल कोणावर तरी पडलेली असे.

आबा त्यानंतर बरीच वर्षे होते. महिन्यातून एकदा मी दौंडला जाई आणि आमचा वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. ते म्हणत, "धर्म बदललास, पर मास्तरकी काय सुटली न्हाई." मी म्हणे, सुटायला नकोच होती. एकदा त्यांनी विचारले, "तुझ्यात फरक पडला म्हनतीस. त्यो मला दाखव." मी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले की मला तो दाखवता येत नाही, फक्त सांगता येतो. "मग मी मानणार न्हाई," ते म्हणाले. "नका मानू," मी म्हणाले. आम्ही दोघेही त्या उत्तरावर रागावलो आणि दोघेही पोटभर जेवलो. त्यांची हरकत त्यांनी शेवटपर्यंत मागे घेतली नाही. मीही पुन्हा ती मागे घ्या असे म्हटले नाही. त्या हरकतीविषयी सांगताना आता माझा आवाज चढत नाही, फरक पडल्याचा यापलीकडे माझ्याकडे पुरावा नाही.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे. मोकळीक मिळाली, पण ती माझ्या स्वभावाच्या सगळ्या खोल्यांत अजून पोहोचलेली नाही; मंडळीतली माणसे आणि मी स्वतः मिळून तिच्या आड पुष्कळ वेळा उभे राहिलो. हेतू मिळाला, आणि त्याच्याबरोबर कटकटही. आनंद मिळाला, पण थोडा, आणि अपेक्षा होती त्या दिवशी नव्हे. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, हे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगितले आहे. माझे उदाहरणही त्याला अपवाद नाही. मी चुकीच्या पायरीवर काही गृहीत धरले असेल, तर ते मला दिसणार नाही. म्हणून वाचकांना विनंती, की माझ्या सांगण्यावर विसंबू नये. दृष्टांत स्वतः वाचावा, त्याच्याशी हवे तर भांडावे, आणि जे हाती येईल ते स्वतः तपासून पाहावे.